धुळीवर ढकललेला हिवाळा

दिवाळी सरली की जालना रोडवर कापसाचे टेम्पो दिसू लागतात. वरून जाळी ताणून बांधलेली असते, तरी वाऱ्यानं पुंजके सुटतात, कडेच्या बाभळींना अडकतात, आणि बघता बघता करमाडपासून शेंद्र्यापर्यंत काट्याकाट्यावर पांढरं दिसायला लागतं. जाणारे-येणारे थांबून फोटो काढतात. मी मान वळवतो. गळा धरावा तसा हा ऋतू दरवर्षी मला धरतो.

थंडी, हुरडा, शेकोटी यातलं माझ्याकडं आता काही उरलं नाही. एका हिवाळ्यानं बाकीचे सगळे हिवाळे खाऊन टाकले. त्याला आवाज आहे: जिनिंगच्या यंत्राचा घरघराट, आणि एका माणसाच्या छातीतली शिट्टी. त्याला वास आहे: ओल्या भुशाचा, स्पिरिटचा, उंदरांच्या मुताचा. कधी नवं कपाट उघडताना लाकडाच्या भुशाचा वास आला तरी माझे हात आपोआप पाठीमागं जातात.

यंदा टेम्पो दिसायला लागले आणि त्याच आठवड्यात शफीकचा फोन आला.

"सर, सरकारी दवाखान्यात दम्याच्या नव्या औषधाची चाचणी चालू झाली. माणसं घेऊ लागले. मी बी नाव घातलं. म्हणे सोबत एखादं समजदार माणूस आणा. नसरीनचे गुडघे गेले, आणि समजदार तर ती आधीपासून नाय. तुम्ही येता का?"

मागून नसरीनचा आवाज आला, "समजदार असते तर तुमच्याशी निकाह लावला असता का?"

मी येतो म्हणालो. शफीक हसला आणि ते हसणं खोकल्यात गेलं. मी फोन कानाला लावून तो खोकला संपायची वाट बघत राहिलो. आता नेहमीचा पंप त्याला पुरत नाही. शहागंजातल्या त्याच्या घड्याळ दुरुस्तीच्या टपरीपासून घरापर्यंत तो दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर टेकतो. नमाजाला वाकलं की उबळ येते म्हणून खुर्चीवर बसून पढतो. मागच्या थंडीत त्याला ऑक्सिजन लावावा लागला होता. सुटी देताना डॉक्टरांनी नसरीनला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या थंडीचा भरवसा नाही. ती पुढची थंडी ही. हे औषध त्याला मिळतं की नाही, एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं होतं.

आम्ही दोघं तरुणपणी एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात होतो. मी मूळ करमाडचा, शाळेपासून शहरात, नुकताच एम. फार्म. झालेला. तो ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथं, कंत्राटी कामगार. त्याचं घराणं हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणणारांचं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, त्याबरोबर हिमरूची शेरवानी घालणारं गिऱ्हाईकच गेलं, एकामागून एक माग बंद पडले, आणि शफीकच्या वाट्याला विणकराची लांब बोटं तेवढी आली. त्या वर्षाबद्दल त्याच्या घरी कुणी बोलत नसे. माझ्याही घरी नसे. दोन्ही घरं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल गप्प होती, हे मला फार उशिरा कळलं.

कंपनीला फुप्फुसाची सूज उतरवणारं औषध शोधायचं होतं. सूज उतरवायची तर आधी सूज पाहिजे. ती आपोआप येईपर्यंत कोण थांबणार? म्हणून आम्ही ती आणायचो. पांढरे उंदीर काचेच्या पेटीत ठेवायचे, आत कापसाची धूळ उडवायची, आणि मग काही उंदरांना नवं औषध टोचायचं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाची सूज किती उतरली ते बघायचं. कागदावर हे इतकं स्वच्छ दिसतं.

धूळ मी आणायचो. करमाडजवळ जिथं माझ्या चुलत्यांचा कापूस जायचा, त्याच जिनिंगमधून. कापूस मऊ असतो असं आपण म्हणतो. तो मऊ कसा होतो ते जिनिंगमध्ये जाऊन बघावं. सरकीला धरून बसलेला तंतू यंत्र ओढून, फाडून वेगळा करतं. पत्र्याचं छप्पर थरथरत असतं. हवेत इतकी धूळ, की दुपारी दिवे लावलेले. बाया-माणसं तोंडाला फडकी बांधून कापूस लोटत असतात आणि खोकतात, पण यंत्राच्या आवाजात खोकला ऐकू येत नाही. नुसते खांदे उडताना दिसतात.

तिथला मुकादम मला लहानपणापासून ओळखायचा. मी गोणपाट पुढं केलं तसा म्हणाला, "काय न्यायला आला? धूळ? आरं, शिकून शिकून धूळ गोळा कराया लागला व्हय? ने, लागंल तेवढी ने. जाता जाता आमच्या छातीतली बी झाडून ने."

भोवतीचे हसले. मीही हसलो. गोणपाट स्कूटरला बांधलं आणि निघालो. ह्याच लोकांसाठी तर मी हे करतोय, असं मला त्या रस्त्यानं जाताना खरोखर वाटायचं. छाती भरून यायची. आजही मला ते खोटं वाटत नाही. माणूस चांगलं करायला निघालेला असतो तेव्हाच त्याच्यावर नजर ठेवावी.

पेटीत धूळ सुटली की उंदीर आधी स्तब्ध व्हायचे. मग डोळे मिटून कोपऱ्यात घुसायचे, एकमेकांवर चढायचे. खाली दबलेला वरच्याला चावायचा. गरीब जनावर समजतात त्याला, पण श्वास कोंडला की तो शेजाऱ्याचा कान तोडतो. पेटी उघडल्यावर पांढऱ्या अंगावर लाल ठिपके दिसायचे. मी घड्याळाकडं बघत असायचो. शफीक पेटीकडं.

औषधाचा गुण बघायचा तर फुप्फुस बाहेर काढून बघावं लागतं. उंदीर जिवंत ठेवून ते होत नाही. आम्ही 'मारणं' म्हणत नसू, 'सॅक्रिफाइस' म्हणायचो. बळी या शब्दात निदान समोर देव असतो. आमच्या शब्दासमोर कुणी नव्हतं.

आमच्या प्रमुख देशमुख मॅडम. कामाला कडक, माणूस म्हणून सरळ. पहिल्या गटाच्या वेळी त्यांनी विचारलं, "पवार, मान मोडायला हात कुणाचा?"

माझ्या गळ्यात माळ होती. आमच्या घरी उंदीर सापडला तर आई तो पिंजऱ्यासकट नाल्यापलीकडं नेऊन सोडायची आणि परत येताना त्यालाच शिव्या द्यायची. मी एम. फार्म. करताना हे काम शिकलो होतो, परीक्षेपुरतं करूनही दाखवलं होतं, आणि त्यानंतर दोन दिवस जेवलो नव्हतो. मी म्हणालो, "शफीकला सांगू या. त्यांच्यात चालतं."

शफीक तिथंच बाटल्या धूत होता. त्यानं नळ बंद केला नाही.

ही चूक अज्ञानाची म्हणावी तर मी त्याच शहरात वाढत्या वयाची वर्षं काढली होती. माझे अर्धे मित्र रोशन गेटकडचे होते. तरी मुसलमान म्हटलं की हातात सुरी, हे माझ्या डोक्यात कुणी न सांगता बसलेलं होतं. मॅडमनी मान डोलावली. काम ठरलं.

दुपारी डबा खाताना शफीक म्हणाला, "सर, आमच्या घरी कोंबडी बी बाहेरून कापून येती. मी लहानपणी बकरीदला माडीवर लपून बसायचो. अब्बा म्हणायचे, हे पोरगं बामनाच्या घरी जायचं चुकून इकडं आलं."

"मग नाही म्हणायचं होतं."

"कंत्राटी माणूस नाय म्हणतो का कधी? आणि उंदीर तर आमच्यात हराम हाय. तुमच्यात गणपतीचं वाहन. म्हंजी पाप दोघांचं बी, हात तेवढा माझा."

असं म्हणून त्यानं माझ्या डब्यातला ठेचा घेतला आणि तिखट लागलं म्हणून मलाच शिव्या दिल्या. मी हसून सोडून दिलं. हसून सोडून देता येईल असंच तो बोलायचा.

त्याचा हात मात्र बसला. उंदीर घेताना तो आधी त्याच्या अंगावर फडकं टाकायचा, तळहाताखाली शांत होऊ द्यायचा, "चल बेटा" म्हणायचा, आणि झालेलं असायचं. मी दाराबाहेर उभा राहायचो. आतून "आओ सर" आलं की मी हातमोजे चढवून आत जायचो. माझ्या वाट्याला निर्जीव उंदीर यायचे. मी त्यांची छाती उघडायचो. धूळ खाल्लेली फुप्फुसं ठिपक्याठिपक्यांची, जड, सुजलेली. ती बघून मला वाईट वाटायला हवं होतं. मला आमची सूज नीट आली याचं समाधान वाटायचं.

मार्गशीर्षात शफीक शिंकायला लागला. मग त्याच्या हातावर, उंदरांची नखं लागायची तिथं, गांध्या उठू लागल्या. डोळे लाल. मग खोकला. त्या हिवाळ्यात आमच्या विभागात सगळेच खोकत होते. पेटीतली धूळ कितीही बंदोबस्त केला तरी बाहेर यायची, टेबलावर, केसांत, चहाच्या कपात. "धूळ हो, दुसरं काय," असं प्रत्येक जण म्हणायचा. शफीकही म्हणायचा. पण आमचा खोकला गेटबाहेर पडलं की थांबायचा. त्याचा त्याच्याबरोबर घरी जायचा. त्याच्या छातीतली शिट्टी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, खिडकीची फट वाजतेय.

मधेच तो मेव्हणीच्या लग्नाला सोयगावला गेला. चार-आठ दिवसांनी परत आला तो गालावर तेज घेऊन.

"काय झोप लागली सर तिथं. सासऱ्याच्या घरात जागाच नव्हती, सगळा कापूस भरलेला. मी कापसाच्या ढिगावर झोपलो. नसरीन म्हणे घोरत होतो."

"खोकला?"

"काय की. आलाच नाय."

तो पिंजऱ्यांच्या खोलीत गेला आणि चहा व्हायच्या आत त्याचा श्वास परत वाजायला लागला. मी बाहेर उभा होतो. कापसाच्या ढिगावर झोपलेला माणूस घोरतो, आणि उंदरांच्या खोलीत पाऊल टाकलं की त्याचा गळा आवळतो. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उंदरांच्या मुतातून, अंगाच्या कोंड्यातून काही लोकांना दमा जडतो हे मी शिकलो होतो. एकदा जडला की त्या खोलीतला प्रत्येक दिवस तो आणखी खोल नेतो, हेही शिकलो होतो.

मी त्याला तसं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आश्चर्य दाखवलं नाही.

"मला बी वाटलंच होतं. मॅडमला बोलू नका सर."

"शफीक, हे वाढणार."

"उन्हाळ्याआधी कायम करणार म्हणले मला. तवर निघू द्या. मॅडमला कळलं तर उद्या दुसरा माणूस येईल माझ्या जागी. धूळ हाय म्हणा. सगळे म्हणतातच की."

तो गप्प राहा म्हणाला, आणि ते मला सोयीचं होतं. इथं मी पुष्कळ वर्षं अडकलेलो आहे. त्याच्या विनंतीला मान दिला असं मी स्वतःला सांगत आलो. पण शेवटचा गट उरला होता, धुळीचा हंगाम संपत आला होता, आणि शफीक गेला तर त्या उंदरांच्या माना कुणाला मोडाव्या लागतील हे मला माहीत होतं. त्याची गरज आणि माझी सोय एकमेकांत इतकी घट्ट विणली गेली, की मला ती सोडवता आली नाही. मी सोडवायला बसलोच नाही.

त्या दिवसांत तो औषधाच्या ट्रेकडं बघून म्हणायचा, "ह्यातली एक सुई आपल्याला बी मारा की सर. उंदरापेक्षा वजन जास्त हाय, दोन मारा."

शेवटच्या गटाच्या दिवशी मॅडम मुंबईला गेल्या होत्या. सकाळीच शफीकचे ओठ काळपट दिसत होते. मी विचारलं, करशील ना? तो म्हणाला, संपवून टाकू. मी दाराबाहेर उभा राहिलो. "आओ सर" आलं, मग पुढच्या उंदराला परत आलं, मग नुसता काहीतरी पडल्याचा आवाज आला.

आत तो जमिनीवर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या तटतटलेल्या. हातातून सुटलेला उंदीर भिंतीकडेनं पळत होता. शफीकची छाती वर उचलली जात होती आणि आत काही जात नव्हतं. मी पेटीत जे रोज बघत होतो तेच, फक्त माणसाच्या मापाचं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग ट्रेकडं बोट केलं.

थट्टा नव्हती ती. मी मान हलवली, नाही. ते औषध माणसाला कधी दिलं गेलं नव्हतं, आणि नियम म्हणून, शास्त्र म्हणून माझं नाही बरोबरच होतं. पण त्याच्या डोळ्यांत त्या वेळी जे उतरलं ते नियमानं पुसलं जात नाही.

कंपनीच्या जीपमधून त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. वाफेचं मशीन लावलं, सुया दिल्या. नसरीन धावत आली, एका पायात चप्पल नव्हती. त्याच्या तोंडावर मास्क होता आणि जीव अजून वरखाली होत होता. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी त्याची विचारपूस केली. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पवार, उरलेला गट आजच झाला पाहिजे. उद्यावर गेला तर सगळा हिवाळा वाया."

मी उठलो. नसरीन म्हणाली, "भाईजान, कुठं निघाले?"

"काम राहिलंय."

ती माझ्याकडं बघत राहिली आणि तसंच बघत तिनं त्याचा हात धरला. मी तिला मागं टाकून गेलो.

त्या दुपारी उरलेले उंदीर मी मारले. फडकं टाकायचं विसरलो. पहिला चावला, हातमोज्यातून दात आत गेले, आणि मी त्याला भिंतीवर आपटलं. मग मला राग आला. कुठून आला कोण जाणे, पण इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. ह्यांनी शफीकचा श्वास खाल्ला असं मी मनाशी धरलं, कारण तसं धरणं सोपं होतं. एकाची मान एका झटक्यात मोडली नाही, दुसऱ्यांदा धरावी लागली, तो ओरडत राहिला. ते ओरडणं बारीक असतं, पण खोलीभर भरतं. जे हळुवार करायचं ते मी सूड उगवल्यासारखं केलं. गळ्यातली माळ वाकताना मधे येत होती, ती मी शर्टात कोंबली. शेवटी शेवटी हात सराईत झाला. त्या दिवसातली सगळ्यात भयंकर गोष्ट मला हीच वाटते.

आणि औषध घेतलेल्या उंदरांची फुप्फुसं खरोखर स्वच्छ निघाली. गुलाबी, हलकी. मी मॅडमना फोन केला तेव्हा माझा आवाज आनंदानं कापत होता. शफीक कसा आहे हे त्यांनीच मला विचारलं.

पुढं कंपनीच्या डॉक्टरांनी शफीकला तपासलं. त्यानं सांगितलं, कापसाची धूळ. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, हो, धूळ फार असते. उंदरांचं नाव घेतलं असतं तर कुठल्याच प्रयोगशाळेनं त्याला घेतलं नसतं, आणि त्याला तेव्हा दुसरं काम येत नव्हतं. कंत्राट काही पुढं वाढलं नाही. कागदावर दमा धुळीचा होता म्हणून त्याला दुसऱ्या कंपनीनं घेतलं, पुन्हा उंदरांतच. तिथून निघाला तेव्हा छातीत परतीची वाट राहिली नव्हती. आमचं ते औषध पुढच्या चाचण्यांत यकृत बिघडवतं असं दिसलं आणि कायमचं बाजूला पडलं. म्हणजे त्या दिवशी मी मान हलवली ते बरं झालं, असं म्हणता येतं. मी कित्येकदा म्हणून बघितलं.

दम्यावर आज पुष्कळ चांगली औषधं आहेत. त्यातल्या प्रत्येकाच्या मागं कुठंतरी अशी एक पेटी असणार, आणि पेटीशी एखादा शफीक. मी आता विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवतो. औषधाचा परिणाम शिकवतो, दुष्परिणाम शिकवतो. या माणसाला कुठल्या सदरात बसवायचं ते मला शिकवता येत नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. शफीकनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, अत्तर मात्र नाही, अत्तरानं त्याला उबळ येते. बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "आत मी बोलतो. तुम्ही नुसतं हो म्हणा. हे औषध धुळीनं छाती गेलेल्यांसाठीच हाय म्हणे. जिनिंगवाले, दगडखाणवाले, सगळे आलेत बघा."

खरंच आले होते. बाकांवर ओळीनं खांदे उडत होते. आणि इथं यंत्र नव्हतं, त्यामुळं प्रत्येकाचा खोकला ऐकू येत होता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. गोड बोलायची. तिनं सगळं नीट समजावलं, की औषध नवं आहे, कुणाला औषध मिळेल, कुणाला नुसतं पाणी, ते डॉक्टरांनाही माहीत नसेल.

शफीक म्हणाला, "पाण्याची सुई मला ठाऊक हाय, बेटा. मीच भरायचो."

तिला कळलं नाही. ती हसली आणि म्हणाली, "काका, दमा कशामुळं सुरू झाला?"

"धूळ. कापसाची."

"नक्की? कारण ॲलर्जीमुळं ज्यांना दमा आहे त्यांना आम्ही यात घेत नाही. त्यांच्या छातीत हे औषध काय करेल, ते अजून कुणालाच माहीत नाही."

"धूळच," शफीक म्हणाला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. शफीकनंही बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर कसलीही काळजी नव्हती. मी हो म्हणणार याची त्याला खात्री होती, कारण मी आजवर हो म्हणत आलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "उंदरांमुळं. आम्ही एका प्रयोगशाळेत होतो. मला तेव्हाच कळलं होतं."

 डॉक्टर मुलीनं पेन खाली ठेवलं. "काका, मग मला नाही घेता येणार. माफ करा. ॲलर्जीसाठी दुसरं काही सुरू झालं तर मी फोन करीन."

कधी, असं शफीकनं विचारलं. तिनं त्याचा नंबर लिहून घेतला.

व्हरांड्यात आल्यावर तो भिंतीला टेकला.

"तवा बोलायचं होतं तर तुमच्या तोंडात धूळ भरली होती," तो म्हणाला. "आज तुम्हाला कोण विचारलं होतं?"

"तिनं विचारलं, शफीक. आणि तुला काही झालं असतं तर..."

"माझी छाती, माझी सही. तुमचं काय जात होतं?"

मी त्याला बाकावर बसवायला हात पुढं केला, तो त्यानं झटकला.

"मी सांगतो काय जात होतं. हलकं व्हायचं होतं तुम्हाला. इतकी वर्षं वागवलं, आता उतरवायचं होतं. उतरवलं. माझ्याच डोक्यावर उतरवलं."

हे खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्याला वाचवायला मी बोललो असेन. हलकं व्हायला बोललो असेन. मागच्यासारखंच, त्याचं भलं आणि माझी सोय मला वेगवेगळी करून दाखवता येत नाहीत. फक्त ह्या वेळी त्याच्या वाट्याचं औषध गेलं.

त्यानं माझी कॉलर धरली. विणकराच्या त्या लांब बोटांत अजून बरीच ताकद होती. दुसरा हात मारायला वर उचलला, आणि तिथंच त्याचा श्वास अडला. हात वरच्या वर थांबला. छातीत शिट्टी चढत गेली. बाकांवरचे लोक उठून उभे राहिले. एक रखवालदार आला, "ओ काका, सोडा त्यांना, दवाखाना आहे हा."

"राहू द्या," मी म्हणालो.

मी त्याच्या खिशातला पंप काढला, हलवला, त्याच्या ओठांत धरला आणि दाबला. पुन्हा दाबला. त्याचं सगळं वजन आता कॉलरच्या त्या मुठीवर होतं. मी वाकलो, त्याला टेकता यावं म्हणून. त्याचे डोळे अगदी जवळ होते आणि त्यांत माफी नव्हती. हळूहळू आत हवा जायला लागली. श्वास परत येईपर्यंत त्यानं मला धरून ठेवलं, आणि आल्यावरही सोडलं नाही.